चाकातली हवा

फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाचा जोर देता येणारी गाडी, घेतलेल्या माणसाला गाडीत काय काय बसवलंस असं विचारावं आणि निवांत ऐकत बसावं. छतावर कॅरिअर, कॅरिअरवर दिव्यांची पट्टी, पुढे रुतलेली गाडी दोरानं ओढणारं विंच, मागे शिडी, बाजूला जेरीकॅन. चाकात हवा किती ठेवतोस म्हटलं की गडी थबकतो. पंपावरचा पोरगा मारतो तेवढी! रानात काढायच्या दोन दिवसांचं निम्मं सुखदुःख या हवेवर ठरतं. पण ती फुकट मिळते आणि तिचा फोटो निघत नाही, त्यामुळे तिची आठवण होते ती चाक जागच्या जागी फिरायला लागल्यावरच.

साताऱ्याहून कास मागे टाकून बामणोलीकडे उतरताना कोयनेचं पाणी दिसायला लागतं आणि डांबरी रस्त्यापासून लाल मातीच्या वाटा वाड्यांकडे फुटतात. पैकी कुठल्या वाटेला लागायचं हे आधीच विचारून ठेवावं. कासच्या सड्यावर गाडी घालायचं तर मनातही आणू नये. तिथे खडकावर मातीचा पातळसा थर असतो, त्यात चाकोरी पडली की ती लवकर भरून येत नाही. २०१२ मध्ये पश्चिम घाटातल्या ज्या जागा जागतिक वारशाच्या यादीत गेल्या, त्यांत कास आहे. पाण्यापलीकडचं वासोट्याचं रान कोयना अभयारण्यातलं, म्हणजे २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पातलं. तिथे वनखात्याची परवानगी काढून लाँचनं जायचं आणि दिवस मावळायच्या आत परतायचं. तंबू ठोकायचा तो अलीकडे, कुणाच्या तरी मालकीच्या रानात, मालकाला विचारून.

वाडीतल्या म्हाताऱ्याला ‘मामा, गाडी जाईल का?’ असं विचारण्यात अर्थ नाही. ‘जाईल की! जीप येती रोज,’ हेच उत्तर मिळतं. ती जीप वडापची, आणि बहुतेक वेळा मे महिन्यातली. विचारायचं ते असं: ‘मामा, पाऊस झाल्यावर ट्रॅक्टर गेलाय का ह्या वाटेनं?’ गेला असेल तर सावध. ट्रॅक्टर स्वतः उंच, तो फूटभर खोल चाकोऱ्या पाडून निघून जातो. महिंद्राच्या थारचं पोट जमिनीपासून २२६ मिलिमीटर वर, सुझुकीच्या जिम्नीचं २१०. चाकं त्या चाकोरीत उतरली की मधला उंचवटा डिफरन्शियलच्या गोळ्याला (वळताना दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारा, आसाच्या मधला गिअरांचा डबा) टेकतो, चाकांवरचा भार जातो आणि ती नुसती गरगरतात. मग फोर बाय फोर काय नि बैलगाडी काय. बैलगाडी निघेल तरी. म्हणून एका बाजूची चाकं मधल्या उंचवट्यावर आणि दुसऱ्या बाजूची चाकोरीबाहेरच्या काठावर ठेवून सावकाश काढायची.

तर डांबर संपलं की आधी हवा. दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर कंपनीनं दिलेला आकडा साधारण तिशीच्या आसपासचा असतो, तो डांबरासाठी. दगडगोट्यांच्या वाटेला २२ ते २४ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप), चिखलाला १८ ते २०. व्हॉल्व्हची टोपी काढून थेट खिशात टाकावी, बोनेटवर ठेवलेली टोपी पुन्हा सापडत नाही. काडीनं किंवा हवा मोजायच्या गेजच्या टोकानं मधली पिन दाबून धरायची, थोडं सोडायचं, मोजायचं, परत सोडायचं. सगळ्या गाड्यांना एकच गेज वापरावं. स्वस्तातली दोन गेजं एका चाकाचे दोन आकडे सांगतात आणि मग वाद गेजांचा न राहता मित्रांचा होतो.

हवा कमी केलेला टायर बाजूंनी फुगतो, त्यामुळे पकड रुंदीत वाढली असं वाटतं. ती वाढते मुख्यतः लांबीत. जमिनीला टेकलेला पट्टा पुढेमागे लांबतो, तेच वजन जास्त जागेवर पसरतं आणि चाक मातीत कमी रुततं. दगडावर टणक टायर उडी मारतो, मऊ टायर दगडाला कवेत घेतो. मागच्या सीटवर बसलेल्याच्या मणक्यांना हा फरक कुणी समजावून सांगावा लागत नाही. वाटही कमी उखडते, पुढच्या आठवड्यात त्याच वाटेनं वाडीतल्या माणसांना दूध घालायला जायचं असतं.

यात गफलत होते ती तापमानानं. साताऱ्यापासून घाट चढून आलेला टायर तापलेला असतो, त्यातली हवा फुगलेली असते. तेव्हा २० वर आणून ठेवलं की पहाटेच्या गारठ्यात गेज १६ दाखवतं आणि रात्री कुणाच्या तरी चाकाला पंक्चर झालं म्हणून बोंब होते. पंक्चर नसतं. दहा अंशांमागे साधारण एक पीएसआय उतरतो एवढं लक्षात ठेवून गरम टायरमध्ये दोन-तीन पीएसआय जास्त ठेवावेत. १५ च्या खाली जाऊ नये. वळणावर जोरात हँडल मारलं की टायरची कड रिमवरून सुटते, फस्सकन सगळी हवा जाते आणि गाडी तिथेच बसते. मग जॅकवर चढवा, कडेतला चिखल पुसा, साबणाचं पाणी लावा, टायरच्या घेराभोवती पट्टा आवळा आणि कंप्रेसरला कड पुन्हा बसेपर्यंत विनवा. मऊ टायरवर तीस-चाळीसच्या वर वेग नको, तेवढं पाळलं तर ही वेळ सहसा येत नाही. बाजूच्या भिंतीला धारदार दगडानं चीर पडली तर पंक्चरच्या रबरी वातीचा उपयोग नाही, ती फक्त नक्षीच्या भागात धरते. तिथे स्टेपनीच. स्टेपनीतली हवा घरूनच बघून निघायचं असतं, हे मात्र जॅक लावून झाल्यावर आठवतं.

फोर लो, म्हणजे चारही चाकांना सावकाश पण जास्त जोर देणारा गिअर, टाकायचा तर गाडी थांबवून, न्यूट्रलमध्ये. डांबरावर मात्र टू व्हीललाच यावं. या गाड्यांत पुढच्या-मागच्या आसांमध्ये डिफरन्शियल नसतं, वळताना दोन्ही आस एकमेकांना ओढतात आणि गाडी अडखळते. चारही चाकांना जोर म्हणजे चारही चाकं ओढतात, ही समजूत पहिल्याच तिरक्या खड्ड्यात जाते. पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक हवेत, की साधं डिफरन्शियल सगळी फिरकी त्या रिकाम्या चाकांनाच देतं. थारच्या वरच्या मॉडेलांत मागे यांत्रिक लॉक असतं, ते चाक थोडं फिरल्यावर आपोआप खटकन दोन्ही चाकांना एकत्र धरतं. जिम्नी फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून जोर दुसऱ्या चाकाकडे वळवते. दोन्ही गाड्यांत पाय ॲक्सिलरेटरवर एकसारखा ठेवला तरच ही करामत चालते. नेमक्या त्याच क्षणी घाबरून पाय काढला जातो आणि दोष गाडीला.

पण गाडी अडकते ती यंत्रापेक्षा मित्रांमुळे. चौघं उतरून चार दिशांना उभे राहतात. एक म्हणतो डावीकडे घे, दुसरा म्हणतो येऊ दे येऊ दे, तिसरा व्हिडिओ काढतोय, चौथा नुसताच ‘अरे अरे अरे’. एसटीला घाटात मागे घेताना कंडक्टर एकटाच शिट्टी वाजवतो आणि ड्रायव्हर त्याच्याशिवाय कुणाचं ऐकत नाही, तीच रीत इथे हवी. वाट दाखवणारा एकच. तो ड्रायव्हरला दिसेल असा पुढे, पण गाडीच्या उताराकडे कधीच नाही, गाडी आणि दरड यांच्यामध्येही नाही. बोलायचं कमी, खुणा हातानं. ‘डावीकडे’ म्हणजे कुणाची डावी हा घोळ हातानं होत नाही. बाकीच्यांनी गप्प बसायचं. पाच जणांच्या टोळक्यात हे काम गिअर टाकण्यापेक्षा अवघड.

रुतलीच तर आधी फावडं. चाकापुढची आणि पोटाखालची माती उपसली, चाकाखाली दोन सपाट दगड सरकवले आणि हवा आणखी दोन-तीन पीएसआयनं उतरवली की निम्म्या गाड्या दोराशिवाय निघतात. पण खणायला कंबर वाकवावी लागते आणि दोर कसा दिसतोही जोरदार, म्हणून आधी दोर काढला जातो. लावायचाच तर चॅसिसच्या हुकाला. मागे ट्रेलर जोडायच्या गोळ्याला, टो बॉलला, अजिबात नाही. तो तुटला तर तोफेच्या गोळ्यासारखा उडतो आणि समोरच्या काचेतून आत येतो. ताणलेल्या दोरावर मधोमध जाड चादर किंवा ओलं पोतं टाकावं आणि दोराच्या लांबीच्या दीडपट अंतरात कुणी उभं राहू नये.

ओढ्याचं फार सांगण्यासारखं नाही. आधी काठी घेऊन चालत जावं. वाहतं पाणी गुडघ्याला लागलं तर गाडी घालू नये. थारला कंपनी ६५० मिलिमीटरपर्यंत पाणी चालेल म्हणते ते संथ पाण्याचं. मध्येच इंजिन बंद पडलं तर पुन्हा चावी फिरवू नये. सिलिंडरात पाणी गेलेलं असलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो.

मुक्कामाची जागाही हवाच ठरवते. संध्याकाळी ओढ्याकाठचं सपाट हिरवं बघून सगळे खूश होतात. पण रात्री गार हवा उतारावरून खाली सरकत नेमकी तिथे साचते. शिवाय वर कुठे पाऊस झाला तर पात्रात पाणी यायला वेळ लागत नाही. काठापासून दोन-तीन पुरुष उंच, वाळक्या फांद्यांच्या झाडाखाली नाही, दार वाऱ्याला पाठ करून. खाली अंथरायची ताडपत्री तंबूच्या बाहेर चार बोटंही डोकावू देऊ नये. दहिवराचं पाणी तिच्यावर पडून थेट पाठीखाली येतं. थंडी वाजते म्हणून सगळ्या झडपा बंद करून झोपलेल्यांच्या अंगावर पहाटे थेंब पडतात. ती गळती नसते, चौघांच्या श्वासातलं पाणी कापडाला लागून परतलेलं असतं. वरच्या दोन झडपा उघड्याच ठेवाव्यात. दाराची चेन मात्र लावावी, मण्यार रात्रीच फिरते. आणि निखाऱ्याची शेगडी काही झालं तरी तंबूत न्यायची नाही. तिच्या वायूला वास नसतो, झोपेतल्या माणसाला जाग येत नाही.

सरपण वाडीतूनच विकत घ्यावं. मोळीमागे चार पैसे गावात जातात आणि रानातली वाळकी फांदी किड्यामुंग्यांना राहते. फेब्रुवारीनंतर गवत वाळलं की शेकोटीचा हट्ट सोडावा, गॅसवर पिठलं छान होतं. गाडीही वाळल्या उंच गवतात लावू नये. एक्झॉस्ट तापलेला असतो, वणवा पेटायला तेवढं पुरतं. गॅसचा छोटा डबा पहाटे रडत जळतो, तो ताटलीत कोमट पाणी घेऊन त्यात ठेवला की चहा होतो.

डांबर लागताच हवा परत भरायची. जोरकस कंप्रेसर सिगारेट लायटरच्या सॉकेटला लावला की फ्यूज उडू शकतो. चिमटे थेट बॅटरीला लावून, इंजिन चालू ठेवून, एकेका चाकाला पाच-सात मिनिटं. दोन चाकं झाली की त्याला गार होऊ द्यावं. हे टाळून तशाच मऊ टायरवर हायवेला शंभरनं जाणारे असतात. टायर आतून शिजतो आणि कधी फुटेल सांगता येत नाही.

हवा बरोबर भरूनही ऐंशीच्या पुढे स्टीअरिंग थरथरायला लागलं तर अलाइनमेंटवाल्याकडे जाऊ नये. रिमच्या आतल्या बाजूला लाल माती वाळून बसलेली असते, एका चाकात पाव किलो, दुसऱ्यात काहीच नाही. काठीनं खरवडून काढली की थरथर बंद.