मागाचा उभा वेळ मोजताना: माझा अनुभव

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमच्या काकांचे टॉवेलचे यंत्रमाग आहेत. सूत तुटलं की माग उभा राहतो, आणि पाळीत एकूण किती वेळ उभा होता हे अंदाजानेच ठरतं. तो हिशेब नेमका व्हावा म्हणून मी आर्डुइनो उनोवर (प्रोग्रॅम टाकता येणारा छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड) मीटर करायला घेतला. सेन्सर, डिस्प्ले लगेच जमलं. खरा वेळ गेला तो वेळेसाठी डेटा टाइप, म्हणजे आकडा कोणत्या प्रकारात साठवायचा ते, ठरवण्यात.

उनोवर इंट (पूर्णांकांचा नेहमीचा टाइप) 16 बिटांचा, कमाल आकडा 32,767. मिलिसेकंद धरले तर जेमतेम 32 सेकंद. सेकंद धरले तरी 9 तास 6 मिनिटांनंतर आकडा उणे होतो, आणि आमची पाळी बारा तासांची. फ्लोट (दशांश आकड्यांचा टाइप) तोही नको, कारण 1,67,77,216 च्या पुढे प्रत्येक पूर्णांक त्यात नेमका बसत नाही. तेवढे मिलिसेकंद पावणेपाच तासांच्या आतच भरतात. मिलिस(), म्हणजे बोर्ड चालू झाल्यापासूनचे मिलिसेकंद सांगणारं फंक्शन, मुळात अनसाइन्ड लाँग (उणे आकडे नसलेला 32 बिटांचा पूर्णांक) देतं, मग वेळेची सगळी व्हेरिएबल्स त्याच टाइपची ठेवली.

पण नुसतं व्हेरिएबल मोठं करून भागत नाही. माग मिनिटभर उभा राहिला की जॉबरसाठी (माग दुरुस्त करणारा कारागीर) लाल दिवा लागायला हवा. त्यासाठी 60 * 1000 लिहिलं, तर गुणाकार इंटमध्येच होतो, उत्तर −5536 येतं, आणि अनसाइन्ड लाँगमध्ये ते 4294961760 बनतं. म्हणजे दिवा 49 दिवस लागणारच नाही! 60यूएल * 1000यूएल लिहिलं की गुणाकार अनसाइन्ड लाँगमध्येच होतो आणि प्रश्न मिटतो.

मिलिस() साधारण 49.7 दिवसांनी पुन्हा शून्यावर येतं, आणि आमचा मीटर कायम चालू. तेव्हा हिशेब चुकतो का ते पाहायला एवढं थांबणार कोण? म्हणून चाचणीपुरते मिलिस() मध्ये 4294960000यूएल मिळवले. सव्वासात सेकंदांत आकडा उलटतो. पाचव्या सेकंदाला सेन्सर बंद केला, दहाव्याला चालू. 'आत्ता वजा सुरुवात' या वजाबाकीने बरोबर पाच सेकंद दिले. 'सुरुवात अधिक मुदत' काढून तुलना केली असती तर इथेच घोळ झाला असता.

सेन्सरचा इंटरप्ट (चालू काम मध्येच थांबवून लगेच चालणारा कोडचा तुकडा) मागाच्या शेवटच्या फेरीची वेळ नोंदवतो. ते व्हेरिएबल व्होलाटाइल केलं (म्हणजे दर वेळी ते मेमरीतून नव्याने वाचलं जातं) आणि वाचताना क्षणभर इंटरप्ट बंद ठेवले, कारण 8 बिटांची चिप चार बाइट एका दमात वाचत नाही.

आता काकांना आकडा मोबाइलवर हवाय, म्हणून ईएसपी32 (वायफाय असलेली चिप) घेतोय. तिथे इंटच 32 बिटांचा असतो. त्यामुळे कोडमध्ये सगळीकडे वेळेसाठी यूइंट32_टी, म्हणजे दोन्हीकडे नेमका 32 बिटांचा राहणारा टाइप, करून ठेवलंय.