पतंगाच्या कागदातली बॅटरी

पौष, अमावास्येच्या आदली रात्र. मामाचं गाव, अकोले तालुका.

बोटं अजून गार आहेत, पण झोपायच्या आधी लिहून ठेवते. आज पहिल्यांदा रात्रीचं आकाश माझ्या कॅमेऱ्यात आलं.

साडेआठला खळ्यात ट्रायपॉड लावला. सुरुवातीचा वेळ वायाच गेला. ऑटोफोकसला अंधारात काही सापडेना. लेन्स नुसती घरघरत राहिली. मग फोकस मॅन्युअलवर टाकला आणि लेन्सवरचं फोकसचं कडं शेवटपर्यंत फिरवलं. तारे एवढे लांब, म्हणजे टोकालाच असणार असं वाटलं. फोटोत आले ते लाह्यांसारखे फुललेले तारे. फार वाईट वाटलं.

मामा बाजेवर बसून बघत होता. "अगं, ती बॅटरी विझव आधी. डोळ्यांना अंधाराची सवय होऊ दे." संक्रांतीचा एक फाटका लाल पतंग ओसरीवर होता. त्याचा तुकडा फाडून त्याने बॅटरीच्या तोंडावर रबराने बांधून दिला. लाल उजेडात कॅमेऱ्याची बटणं दिसतात आणि डोळेही दिपत नाहीत. वीसेक मिनिटांनी वर पाहिलं, तर आकाश गच्च भरलेलं. पश्चिमेला डोंगरामागे मुंबईच्या बाजूचा तांबूस उजेड तेवढा होता.

मामाने बोट दाखवलं. मृगाचे चार पाय, पोटात रुतलेला तीन ताऱ्यांचा बाण आणि त्याच रेषेत खाली बाण मारणारा व्याध. व्याध सगळ्यात तेजस्वी, म्हणून स्क्रीनवर तोच दहापट मोठा करून घेतला आणि कडं केसभर, केसभर फिरवत गेले. ठिपका लहान होत होत टाचणीच्या टोकाएवढा झाला. थोडं पुढे गेलं की परत फुगायचा. ती जागा सापडल्यावर कड्याला हातच लावला नाही.

शटर तीस सेकंद उघडं ठेवलं, तर ताऱ्यांच्या बारीक रेघा झाल्या. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, ते असं डोळ्यांनी दिसलं. मग १५ सेकंद, आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता) ३२००, आणि बोटाचा धक्का नको म्हणून दोन सेकंदांचा टायमर.

शटर मिटलं. स्क्रीनवर मृग! त्यातला काक्षी तारा नारिंगी, राजन्य तारा निळसर पांढरा. मामाने कॅमेरा जवळ घेतला, बाणाखालचा भाग मोठा करून पाहिला आणि अंगठ्याने स्क्रीन पुसली. "इथं गुलाबी डाग पडलाय बघ."

डाग नव्हता. मृगातला तेजोमेघ, म्हणजे वायू आणि धुळीचा चमकता ढग होता तो, तेराशे प्रकाशवर्षांहून लांबचा. तिथून हा उजेड निघाला तेव्हा वेरूळचं कैलास लेणं कोरलंही गेलं नव्हतं, असं मी सांगितलं. मामाने वर पाहिलं, परत स्क्रीनकडे पाहिलं. लहानपणापासून राखणीला जाताना तो या बाणावर वेळ ओळखत आलाय. बराच वेळ काही बोलला नाही.

लेन्सवर दव धरलं होतं. मफलरच्या टोकाने मी ते हलकेच टिपलं. थंडीने कॅमेऱ्याची बॅटरी शेवटच्या रेघेवर आली होती.

"अजून एक काढ," मामा म्हणाला. "व्याधालाबी घे त्यात."