मे महिन्यातला रॉक

हिंगणघाटजवळ कापसाच्या जिनिंगच्या रिकाम्या गोदामात आमची प्रॅक्टिस. बाहेर 45 अंश, वर टिनाचं छप्पर. ड्रमवाल्याच्या घामेजल्या हातातून काडी सटकते. गिटारच्या स्टीलच्या तारा गरमीनं सैलावतात, सूर उतरतो. दर गाण्याआधी खुंट्या पिळा. त्यात लाइन जाते!

आज नागपूरला शो. गिटार डिक्कीत नाही, मांडीवर. तापलेल्या डिक्कीत तिच्या जोडाचा गोंद सुटू शकतो. जाम गावच्या चौरस्त्यावर उसाचा रस, पुढे बुटीबोरीला ट्रकांची रांग. हॉलच्या एसीत त्याच तारा आखडतात, सूर चढतो. म्हणून लवकर पोचायचं, नखरा म्हणून नव्हे.

निघताना मायनं कांदा दिला, "ऊन लागन बाप्पा, खिशात ठेव." काळ्या जॅकेटात कांदा बाळगणारे रॉकवाले आम्हीच असू! चला, साउंडचेकला बोलावतायत.