कंपासपेटी

अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी ‘शाळेने मला काय दिले’ या विषयावर लिहून पाठव, असा फोन आला तेव्हा मी अंबरनाथला कारखान्यात बेंडिंग मशीनपाशी उभा होतो. शाळेने पुष्कळ दिलं असणार. पण मला शाळा म्हटलं की टेक्निकलचे, म्हणजे वर्कशॉपचे सर दिसतात, आणि सर म्हटले की आमचा बँड. तेव्हा संपादक मंडळाने सांभाळून घ्यावं.

बँडचं आयुष्य अगदीच थोडं. १९९९ च्या दिवाळीत सुरू झाला, २००१ च्या ऑगस्टमध्ये संपला. चौघांपैकी तिघे ९७ च्या बॅचचे. नावात रक्त आणि कबर दोन्ही होतं, ते इथे छापण्याजोगं नाही. ड्रमर म्हणजे लेझीम पथकात ढोल वाजवायचा तोच. आम्ही हेवी मेटल, म्हणजे जड, कर्कश रॉक वाजवायचो. ब्लॅक सॅबथ, आयर्न मेडन, मेटॅलिका यांच्या कॅसेटी एकमेकांच्या टेपवरून उतरवून घ्यायच्या, तिसऱ्या कॉपीला निम्मा आवाज घरघरीचाच. काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमध्ये जाऊन नवी कॅसेट हाताळून परत ठेवायची. माझी गिटार कलकत्त्याची, गिव्हसन. हो, ‘व्ह’च. अमेरिकेची नामांकित गिब्सन आम्ही फक्त पोस्टरवर पाहिली. अँप्लिफायर मंडपवाल्याचा आहुजा, लग्नसराई नसेल तेव्हाच मिळायचा.

असली वाद्यं घेऊन डोंबिवलीत वाजवायचं कुठे? वन बीएचकेत मिक्सर लावला तरी शेजारीण डोकावते. म्हणून रविवारी सरांच्या घरी गेलो. सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “सुतारकाम विसरलात की येतं अजून?” ठरलं असं: मोडका बाक दुरुस्त करायचा, एका बाकाला एक तास शाळेच्या वर्कशॉपमध्ये वाजवायचं. ऑफिसात सरांनी सांगितलं, माजी विद्यार्थी डागडुजीला येतात. त्यात खोटं काहीच नव्हतं. दोन वर्षांत आम्ही चाळीसेक बाक उभे केले. आठवीच्या वर्गातले पाय न हलणारे बाक कोणाला आठवत असतील, तर ते हेवी मेटलचे.

सरांचं बोट ठाऊक नाही असा टेक्निकलचा मुलगा नसेल. आठवीच्या पहिल्या तासाला ते डाव्या हाताची तर्जनी वर धरायचे, पहिल्या पेरापाशी संपलेली. “प्रेस मशीनने नेलं. गार्ड काढून काम करत होतो. प्रश्न?” मग कानस कशी धरायची ते. बस.

म्हणून मी त्यांना टोनी आयोमीची गोष्ट सांगितली. ब्लॅक सॅबथचा गिटारिस्ट, बर्मिंगहॅमचा. सतराव्या वर्षी पत्र्याच्या कारखान्यात, नोकरीच्या शेवटच्या दिवशी उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं मशीनमध्ये गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका तोच. मला वाटलं, सर हेलावतील. सर म्हणाले, “गार्ड नव्हता का?” आणि लगेच, “मग केलं काय त्याने?” प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या, वरून जुन्या जाकिटाचं चामडं चिकटवलं, असं सांगितलं. त्यावर सर बराच वेळ स्वतःच्या बोटाकडे बघत राहिले. पुढे त्याने तारा हलक्या वापरल्या आणि सैलही सोडल्या, म्हणून तो जड, खोल आवाज आला, हेही सांगितलं. “सैल सोडली की स्वर उतरणारच,” सर म्हणाले. “त्यात नवल काय? पण टोपी चांगली केली.”

आता मुख्य गोष्ट. गिटारचा आवाज फाटावा म्हणून पायाने दाबायचं पेडल लागतं. परदेशी पेडलची किंमत आमच्या आवाक्यात नव्हती. कागदावर उतरवलेली सर्किटची आकृती सरांनी पाहिली. दोन ट्रान्झिस्टर, मूठभर रेझिस्टर आणि कपॅसिटर, नऊ व्होल्टची बॅटरी. “एवढ्यासाठी रडताय?” मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून बीसी ५४७ ट्रान्झिस्टर आणले, काही रुपयांत काम झालं. डाख सरांनी मला तीनदा काढायला लावला. डाख चकाकला पाहिजे, मळकट दिसला की सांधा कच्चा. चौथ्यांदा चकाकला. डबा आम्ही हौसेने सागवानी केला, पॉलिश मारून.

जोडला, खटका दाबला, आणि आहुजातून खरखरत, फाटक्या आवाजात नाट्यगीत सुरू झालं. आकाशवाणी! गिटारला हातही लावला नव्हता. आमचा गायक चक्क घाबरला. मी बंद करायला वाकलो, तर सर रंधा हातात तसाच धरून म्हणाले, “थांब. बंद करू नकोस.” संपूर्ण पद ऐकलं. शेवटची तान त्या पेडलमधून कशी आली ते लिहून सांगता येणार नाही. आमच्या कुठल्याही गाण्यापेक्षा ती भयानक होती. मग म्हणाले, “लाकूड रेडिओला अडवत नाही. लोखंडी डबा घे आणि त्याला अर्थिंग दे.” त्यांच्या टेबलाच्या खणात मुलांच्या हरवलेल्या वस्तू असायच्या. त्यातून त्यांनी कॅम्लिनची एक कंपासपेटी काढली, आतून लाकडाचा ठोकळा बसवला, पायाने चेपू नये म्हणून. रेडिओ गप्प झाला.

कार्यक्रम म्हणाल तर तीन. एक कल्याणला कॉलेजात. एक ओळखीच्या सोसायटीच्या गणपतीत, दुसऱ्या गाण्याला काकांनी वायर काढली आणि आरती सुरू केली. तिसऱ्याला सात श्रोते, त्यात ड्रमरचे दोन मामेभाऊ. स्वप्न होतं मुंबईत धोबी तलावच्या रंगभवन या खुल्या नाट्यगृहाचं, १९८६ पासून चाललेल्या इंडिपेंडन्स रॉक महोत्सवाचं. तिथे आम्ही तिकीट काढून उभे राहिलो, स्टेजवर कधी गेलो नाही. रंगभवनाशेजारी इस्पितळ, कॉलेज. पुढे शांतता क्षेत्राच्या नियमात तेही बंद पडलं. बँड त्याआधीच संपला होता. बास वाजवणारा मर्चंट नेव्हीत गेला, ड्रमर पुण्याला इंजिनिअरिंगला. भांडण नाही, काही नाही. शेवटच्या रविवारी तर बाकच दुरुस्त केला, वाजवलंच नाही.

आज माझ्याकडे अठरा माणसं कामाला आहेत. इलेक्ट्रिक पॅनेलचे पत्र्याचे डबे बनवतो. देवदयेने बरं चाललंय. गार्ड काढलेला दिसला तर त्या दिवशी मशीन बंद, मग ऑर्डर कोणाचीही असो. मागच्या वर्षी शाळेत आलो होतो. वर्कशॉपच्या जागी आता एसी आणि स्मार्टबोर्ड. टेक्निकल विषयच बंद झाला म्हणे. काळानुसार असेल. पण नववीतल्या एका मुलाला कानस म्हणजे काय विचारलं, तर त्याला वाटलं मी कणसाबद्दल विचारतोय.

सर आता गावी, कोकणात असतात. ऐकू कमी येतं. त्यात आमचा वाटा किती, हे विचारायचा धीर झाला नाही. २०२५ च्या जुलैमध्ये ब्लॅक सॅबथने बर्मिंगहॅमला शेवटचा कार्यक्रम केला, त्यानंतर मी सरांना भेटायला गेलो होतो. कानाशी मोठ्याने सांगितलं, सर, तो बोटंवाला सत्त्याहत्तराव्या वर्षीही वाजवतोय. सरांनी विचारलं, “टोप्या अजून घरीच करतो का?”

पेडल चालू आहे. झाकणाच्या आत कर्कटकाने कोरलेलं नाव गंजलंय, ‘नववी ब’ एवढं वाचता येतं. समारंभाला बरोबर आणतोय. ज्याची असेल त्याने मागून घ्यावी.