रिव्हर बर्च अपडेट: शेंड्याचा केवडा हटला!

मंडळी, आमच्या हेरिटेज बर्चची (रिव्हर बर्च झाडाचीच एक जात) नवी पालवी हिरवी आली! पूर्ण हिरवी, शेंड्यांवर केवडा म्हणजे पानांचा पिवळेपणा नाही. मागच्या फोटोतली पिवळी पानं आणि त्यांवरची हिरव्या शिरांची जाळी आठवत असेल. ती पानं अजून तशीच आहेत, पण शेंड्यांकडं बघून मी सकाळी चहा गार केला.

नव्यानं आलेल्यांसाठी: आम्ही शिकागोच्या पश्चिमेकडच्या उपनगरात. बिल्डरनं वरची काळी माती नेली आणि चिकण माती व चुनखडीची खडी ठेवली. पीएच ७.८ म्हणजे अल्कधर्मी, मातीवर व्हिनेगर टाकलं की फसफसतं. वर स्प्रिंकलरला मिशिगन तळ्याचं पाणी, तेही अल्कधर्मीच. म्हणजे मातीत लोह आहे, पण झाडाच्या मुळांना ते मिळत नाही. सोलापूर-मराठवाड्याकडच्यांना हे काय सांगायचं, चुनखडीच्या रानात उसावर नि भुईमुगावर केवडा पडतो, तेच हे. लोह जुन्या पानातून नव्यात सरकत नाही, म्हणून शेंडा आधी पिवळा पडतो. नत्र कमी असेल तर उलट, खालची पानं आधी.

लातूरचे मामा फोनवर म्हणाले, "हिराकस टाक की!" हिराकस म्हणजे फेरस सल्फेट, लोहाचं खत. पण अशा मातीत हिराकस नुसतं टाकलं तर त्यातलं लोह लवकरच न विरघळणारं होऊन बसतं. उसावर फवारणी जमते, पंचवीस फुटी बर्चवर मी काय, शिडी लावून चढू? पीएच उतरवायला गंधकाचा सल्लाही बऱ्याच जणांनी दिला होता. जिवाणू त्याचं आम्ल करतात हे खरं, पण फसफसणाऱ्या मातीत आधी तो सगळा मोकळा चुना संपायला हवा. पोत्यांनी गंधक ओतत बसायची माझी तयारी नाही.

राहिलं चिलेट, म्हणजे लोहाला धरून विरघळलेलं ठेवणारं संयुग. त्याचे प्रकार ईडीटीए, डीटीपीए, ईडीडीएचए. इथं लेबल नीट वाचा, गंमत त्यातच आहे. मोठ्या दुकानांत मांडलेली 'आयर्न टॉनिक' बहुधा ईडीटीएची असतात, आणि ते पीएच साडेसहाच्या वर टिकत नाही. डीटीपीए साधारण साडेसातपर्यंत साथ देतं. आपल्याला हवं ईडीडीएचए. महाग आहे, पण ७.८ ला तेच कामाचं. कळ्या फुटताना पाण्यात कालवून बुंध्याशी न ओतता फांद्यांच्या घेराखाली सगळीकडं दिलं. उन्हात ते लवकर विघटतं, म्हणून ढगाळ संध्याकाळ गाठली आणि नंतर भरपूर पाणी. काँक्रीटवर सांडू नका, लालभडक डाग पडतो.

शेजारच्या रेड मेपलवर मात्र याचा भरवसा धरू नका. मेपलमध्ये तशाच दिसणाऱ्या पिवळेपणामागं बरेचदा मँगनीजची कमतरता असते, आणि तिथं लोह ओतून उलट बिघडू शकतं. आधी पानांची तपासणी करून घ्या.

बाकी बागेत सर्व्हिसबेरी पिकली आणि रॉबिन पक्ष्यांनी संपवली. चार फळं मलाही मिळाली, जांभळाची आठवण येण्याइतकी गोड. बॅप्टिशिया यंदा पहिल्यांदा भरघोस फुलली. तिचं सोटमूळ खोल जातं, हलवायचा विचारही करू नका. निळी म्हणून आणलेली हायड्रेंजिया याही वर्षी नुसती पानंच. जुन्या लाकडावरच्या कळ्या थंडीत गेल्या. फुलली असती तरी या मातीत गुलाबीच! पॅनिक्युलाटा ही दुसरी हायड्रेंजिया नव्या फांदीवर फुलते, तिची चिंता नाही.

पुढचा बेत म्हणजे बुंध्याभोवतीची चुनखडीची खडी काढून लाकडाच्या चिप्स पसरायच्या आणि दर वसंतात ईडीडीएचए. पण हे लिहितानाच वाटतंय, हा खर्च जन्मभर का करायचा? चिंकापिन ओक चुनखडीच्या जमिनीतही छान वाढतो आणि इलिनॉयचाच आहे. पिन ओकचं नाव काढू नका, त्याला हाच आजार. बर्चपासून पुरेसं दूर, कुंपणाजवळच्या मोकळ्या जागेत चिंकापिनचं लहान रोप वसंतात लावेन. मोठं झाड आणून मुळं दुखवण्यापेक्षा लहानच बरं. सशांपासून वाचवायला तारेची जाळी पहिल्या दिवसापासून.

कुणाच्या अंगणात चिंकापिन असेल तर वर्षाला किती वाढतो ते सांगा. आणि लहान रोपं देणारी चांगली नर्सरी माहीत असेल तर तेही. ज्या एका नर्सरीत चौकशी केली, त्यांनी मला पुन्हा पिन ओकच दाखवला.