मौनाची शपथ नसतेच मुळी! ट्रॅपिस्ट मठातल्या तीन रात्री

बेल्जियममध्ये ट्रॅपिस्ट (कॅथलिक साधूंचा एक पंथ) हा शब्द पहिल्यांदा कानावर पडतो तो बिअरमुळेच, माझंही तेच झालं. ऑफिसात कुणीतरी सांगितलं की हे साधूलोक बिअर बनवतात आणि जन्मभर तोंड उघडत नाहीत, मी चार वर्षं ते खरं धरून चाललो होतो. गेल्या नोव्हेंबरात कामाने डोकं पार आउट झालं तेव्हा एका मठाच्या गेस्टहाऊसमध्ये तीन रात्री राहून आलो (नाव मुद्दाम लिहीत नाहीये, लोक तिथे निवांतपणासाठी जातात) आणि दारातच पाहुण्यांची व्यवस्था बघणाऱ्या ब्रदरने माझी इतकी बडबड करून चौकशी केली की मीच गप्प झालो.

मी विचारलंच, तुमचं मौनव्रत असतं ना? ते हसायला लागले. म्हणाले, तसलं व्रत आम्ही घेतच नाही, गप्प राहायची शिस्त आहे, व्रत नाही. रात्रीच्या शेवटच्या प्रार्थनेनंतर सकाळपर्यंत बोलायचं नाही, जेवताना बोलायचं नाही, बाकी कामापुरतं बोला की. जेवताना एक जण पुस्तक वाचून दाखवतो, बाकीचे ऐकत जेवतात. पहिल्याच दिवशी मला मीठ हवं होतं, कसं मागायचं कळेना, मी शेजारच्याकडे नुसतं बघितलं आणि त्या म्हाताऱ्या फादरांनी वाचणाऱ्यावरची नजर न हलवता मीठदाणी माझ्यापुढे सरकवली. नंतर कळलं की हे नियमातच आहे, जेवताना लागेल ते एकमेकांनी आपणहून पुढे करायचं, म्हणजे कुणाला काही मागायची वेळच येऊ नये.

नियम म्हणजे मठात कसं राहायचं हे सांगणारा सेंट बेनेडिक्टचा ग्रंथ, सहाव्या शतकातला, 73 प्रकरणांचा. ट्रॅपिस्ट हे त्याच झाडाची फांदी: 1098 मध्ये फ्रान्समधल्या सितो इथे काही मंक लोकांना (मठातल्या साधूंना) वाटलं की आपण फार सैल झालोय म्हणून त्यांनी नवा मठ काढला, मग सतराव्या शतकात ला त्राप मठात कुणाला तरी वाटलं की सितोवाले पण सैल झालेत. दर काही शतकांनी कुणीतरी येऊन स्क्रू आवळतं, असा एकूण इतिहास.

आता व्रतांचं. गरिबी, ब्रह्मचर्य, आज्ञापालन ही तीन व्रतं आपण ऐकलेली असतात, फ्रान्सिस्कन या दुसऱ्या एका पंथाच्या साधूंच्या कमरेच्या दोरीला तीन गाठी असतात त्या याच तीन. जेसुइट या आणखी एका पंथाचं त्यावर चौथं, पोप पाठवतील त्या कामगिरीवर जायचं. मदर तेरेसांच्या सिस्टर्सचंही चौथं आहे, गरिबातल्या गरिबांची मनापासून सेवा. पण बेनेडिक्टच्या वाटेवरच्यांचं गणितच वेगळं: आज्ञापालन, जगण्याची रीत बदलत राहणं (गरिबी आणि ब्रह्मचर्य यातच आलं), आणि तिसरं म्हणजे स्थैर्य. म्हणजे ज्या मठात आलात तिथेच मरेपर्यंत. बाकी दोन मी समजू शकतो हो, पण या तिसऱ्याने मला रात्रभर झोपू दिलं नाही, कारण येतानाच रजिस्टरमध्ये कायमचा पत्ता असा रकाना होता आणि तिथे मी पेन धरून उभाच राहिलो होतो. सात वर्षांत पाच घरं, तीन शहरं, नि पुढचं सगळं व्हिसावर.

एकदम कुणाला घेत नाहीत म्हणा. चर्चच्या कायद्याप्रमाणे निदान एक वर्ष नवशिका म्हणून काढायचं, मग तीन वर्षांची तरी तात्पुरती व्रतं, मगच कायमची. त्या दिवशी व्रतांचा कागद स्वतःच्या हाताने लिहून वेदीवर ठेवायचा आणि एक स्तोत्राची ओळ तीनदा म्हणायची, मला स्वीकार, माझी आशा मोडू नकोस, अशा अर्थाची. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट! बेनेडिक्टने लिहून ठेवलंय की व्रत घेणाऱ्याचे अंगावरचे जुने कपडे फेकायचे नाहीत, कपड्यांच्या खोलीत जपून ठेवायचे, उद्या तो निघून गेलाच तर घालायला. जन्मभराचं वचन घेताना एवढा प्रॅक्टिकल विचार, पंधराशे वर्षांपूर्वी.

पहाटे चारला घंटा होते. एकदाच उठलो, खोटं कशाला बोलू. अंधारात पांढऱ्या झग्यातले अकरा जण, समोरासमोर दोन ओळी, एक ओळ स्तोत्राचा चरण म्हणते, मधे श्वासभर थांबतात, मग दुसरी. बसायची जागा वयाने किंवा शिक्षणाने नाही, मठात कोण आधी आलं त्यावर ठरते. साठीचा प्रोफेसर काल आला असेल तर तो तिशीतल्या पोराच्या खाली. रात्रीच्या प्रार्थनेला मात्र मी रोज होतो, शेवटी दिवे घालवतात, मारियेच्या मूर्तीपाशी तेवढा उजेड ठेवतात आणि साल्वे रेजिना हे मारियेचं लॅटिन स्तोत्र गातात. लॅटिनचं ओ का ठो कळत नाही मला, तरी.

अकराच का, तर नवीन माणसं येत नाहीत. 2021 मध्ये बेल्जियममधल्याच आखेल मठाच्या बिअरचं ट्रॅपिस्ट लेबल गेलं, बिअर बिघडली म्हणून नाही, तिथे मंकच उरले नव्हते. लेबलाची अट आहे की बिअर मठाच्या आवारात, मंक लोकांच्या देखरेखीखाली बनली पाहिजे आणि नफा मठाच्या गरजांना आणि दानधर्माला गेला पाहिजे. मी ब्रदरना जरा खोचकच विचारलं, मग त्या लोकांच्या स्थैर्याच्या व्रताचं काय? ते चिडले नाहीत. म्हणाले, व्रत विटांशी नसतं, माणसांशी असतं. न आवडणाऱ्या माणसांशीसुद्धा, असं थोड्या वेळाने पुढे जोडलं.

निघायच्या सकाळी ते मठामागच्या कबरस्तानात पानं गोळा करत होते. सगळे क्रॉस एकसारखे, नाव आणि साल एवढंच. शेवटच्या ओळीत अर्धी जागा नुसतं गवत. मी तिकडे बघतोय हे बघून ते म्हणाले, ही आमची, क्रम कोणाचा कुठला ते तेवढं ठरायचंय. तेवढ्यात घंटा झाली, तर हातातली पानंसुद्धा टोपलीत न टाकता तिथेच सोडून ते चालू लागले. मी ती टोपलीत भरली आणि बस पकडली.