विलंबित एकताल, नोंद सातवी : डग्ग्याचा हात

सलग नऊ आवर्तनं! काल संध्याकाळी मैफिलीत विलंबित (संथ) एकतालाच्या बारा मात्रा बोटांवर मोजताना सलग नऊ फेऱ्या माझ्या बोटावरची सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, आणि गाणाऱ्याची सम एकाच ठिकाणी पडली. आधीच्या सहा नोंदी वाचलेल्यांना या आकड्याचं वजन कळेल. ऑगस्टमध्ये सलग दोन आवर्तनांवर मी खूश होते आणि दिवाळीनंतर पुन्हा शून्यावर आले होते.

शून्यावर आणलं ते दादरच्या बैठकीनं. किराणा घराण्याच्या वळणाचं गाणं, पूरिया राग, अतिविलंबित, म्हणजे फारच संथ, एकताल. एक आवर्तन घड्याळात ५२ सेकंदांचं भरत होतं, म्हणजे मात्रेला चार सेकंदांहून जास्त. मी सतरंजीवर अगदी पुढे, गायिकेच्या समोर. तिसऱ्या आवर्तनात तिनं मंद्र (खालच्या सप्तकातल्या) निषादावर मुक्काम केला आणि मी त्या निषादात गेले. परत आले तेव्हा सातवी मात्रा चालू आहे की आठवी, कळेना. मग मुखडा, म्हणजे समेकडे नेणारी बंदिशीची ओळ, उचलला गेला, सम आली, अख्ख्या खोलीच्या माना एकदम हलल्या, आणि माझं बोट तेव्हा दहाव्या मात्रेवर होतं. पुढचा अर्धा तास मी नुसती हुकत राहिले. सम चुकली म्हणून सूर ऐकू येत नाहीत असं नाही. पण उरलेली जागा ओळखून गायक शेवटचे स्वर कसे बेतत आणतो, ती आमद हातची जाते. आणि मला तीच तर हवी आहे.

चौथ्या नोंदीतलं पेरांचं गणित आठवत असेल. चार बोटं, प्रत्येकाची तीन पेरं, बारा मात्रा. करंगळीवर ठेक्याचे (तालाच्या ठरलेल्या तबल्याच्या बोलांचे) धिं धिं धागे, अनामिकेवर तिरकिट तू ना, मधल्या बोटावर कत् ता धागे, तर्जनीवर तिरकिट धी ना. हिशेब बरोबर आहे, पण बोट बदलतं तिथे ठेक्यात मला काही बदल ऐकू येत नव्हता. त्यामुळे एक पेर चुकलं की चूक झाल्याचं सांगणारं वाटेत कुणी नसतं, थेट समेलाच कळतं. एका मात्रेचे चार भाग करून ४८ मोजण्याचा प्रयोगही पाचव्या नोंदीत केला होता. त्यानं सम सापडते, पण गाणं ऐकूच येत नाही. तो मार्ग मी बंद केला आहे.

फोनवरच्या तबल्याच्या अ‍ॅपवर सराव होतो का, असं तुमच्यापैकी काहींनी विचारलं होतं, म्हणून सांगते. मुलुंड ते दादर धीम्या लोकलमध्ये कानात लावून रोज सराव करते आणि तिथे माझी सम महिनोन्महिने चुकलेली नाही. पण अ‍ॅप कोरा ठेका वाजवतं. खरा तबलजी दोन मात्रांच्या मधली जागा भरतो, गायकाचा अंदाज घेऊन दाब बदलतो. बोल पाठ करायला अ‍ॅप उत्तम, मैफिलीच्या तयारीला अपुरं. त्यापेक्षा जुन्या मैफिलींची ध्वनिमुद्रणं बरी, खोकल्यांसकट.

आता कोडं सुटलं कसं ते. सुटलं जादूच्या प्रयोगात. वर्षभरात बघायच्या आपल्या यादीत नाटक, गाणं आणि जादू तिन्ही असतात आणि जादूचा प्रयोग मी नेहमी दोनदा बघते : पहिल्यांदा फसायला, दुसऱ्यांदा हात बघायला. तीन वाट्या आणि चेंडूंचा खेळ होता. पहिल्या वेळी मी समोर बसले आणि जादूगार जिकडे बघत होता तिकडेच बघत राहिले. दुसऱ्या रविवारी बाजूची खुर्ची घेतली आणि ठरवून, सगळे उजवा हात बघत असताना, डाव्या हातावर नजर ठेवली. काय दिसलं ते इथे लिहिणार नाही, तो त्या कलाकाराचा ऐवज आहे. पण घरी येताना डोक्यात एकच चाललं होतं : तबल्याचा डावा हात मी कधी बघितला आहे?

कधीच नाही. मी गायकाचे हात बघते. ते आलापाबरोबर हवेत फिरतात आणि आपण त्यांच्यामागे जातो.

त्या रात्री ठेका पुन्हा कागदावर मांडला, पण या वेळी फक्त डग्ग्याच्या (डाव्या हाताच्या वाद्याच्या) घुमाऱ्यासाठी, म्हणजे त्याच्या घुमणाऱ्या नादासाठी. पहिल्या तीन मात्रांत, धिं धिं धागे, घुमारा आहे. चौथ्या मात्रेच्या तिरकिटला तो थांबतो. मग तू ना कत् ता, पाच ते आठ, सगळं कोरडं. नवव्या मात्रेच्या धागेला घुमारा परत येतो. एकतालाची खाली (टाळी न देता हात मोकळा सोडायची जागा) तिसऱ्या आणि सातव्या मात्रेवर असं आपण शिकतो, पण तिसरीवर डग्गा चांगला बोलतो आणि टाळीच्या पाचव्या मात्रेवर गप्प असतो. हातानं टाळी-खाली धरणाऱ्या माझा कान आणि हात इतके महिने एकमेकांशी भांडत होते ते यामुळे.

मग बोटं बदलली. चार बोटं तीन पेरं नाही, तर तीन बोटं आणि प्रत्येकावर चार जागा : तीन पेरं आणि टोक. करंगळी भरलेली, अनामिका कोरडी, मधलं बोट पुन्हा भरलेलं. पहिली, पाचवी, नववी या तीन टाळ्या प्रत्येक बोटाच्या सुरुवातीला पडतात आणि चौथी टाळी, अकरावीची, शेवटच्या बोटाच्या मध्यावर. आता सुरांत हरवले तरी चालतं. घुमारा परतला की मी मधल्या बोटावर येते आणि समेला चार मात्रा उरलेल्या असतात. कालच्या लयीत आवर्तन ४८ सेकंदांचं होतं, म्हणजे हातात पूर्ण सोळा सेकंद. तेवढ्यात मुखड्याची वाट बघता येते, तो कुठून उठतोय ते ऐकता येतं. सहाव्या आवर्तनाला गायकानं मुखडा इतका उशिरा उचलला की माझा श्वास अडकला, आणि तरी समेवर आम्ही बरोबर होतो. काय सुख आहे हे!

कालची जागा टाटा थिएटरची, मुंबईच्या एनसीपीए या कलाकेंद्रातली. १९८० साली उघडलेलं हे प्रेक्षागृह फिलिप जॉन्सन यांनी आखलं आणि ध्वनीचं काम सिरिल हॅरिस यांचं. पंख्यासारखं पसरलेलं आणि चढत जाणारं, त्यामुळे मागूनही डग्गा कानाला वेगळा लागतो. पण खुर्ची निवडताना विचार करा. तबलजी बहुधा आपल्या डाव्या हाताला, गायकाकडे वळून बसतो. म्हणजे दायाँ (उजव्या हाताचा तबला) आपल्याकडे आणि डग्गा त्याच्या पलीकडे झाकलेला. दादरला मला तो दिसलाच नव्हता. उजवीकडची आणि वरची खुर्ची घेतली तर तबलजी जवळजवळ समोरून दिसतो आणि पेटीवाल्याच्या डोक्यावरून दोन्ही हात मोकळे दिसतात. शक्य असेल तिथे तिकीट खिडकीवरच काढावं असं माझं मत. अ‍ॅपवरच्या नकाशात चौकोन दिसतात, कुठे काय झाकलं जातं ते खिडकीवरचा माणूस सांगतो.

नाटकांचं खातं या महिन्यात एकच. पृथ्वी थिएटरला, तेही बाजूच्या रांगेतून. तिथे प्रेक्षक तीन बाजूंना बसतात आणि जेमतेम दोनशे खुर्च्या, त्यामुळे नटाची बोटं थरथरताना दिसली. त्यावर स्वतंत्र लिहायला हवं. वेळेआधी पोचा मात्र.

कालचं दहावं आवर्तन का गेलं? तबलजीनं पाच ते आठ या कोरड्या पट्ट्यातच डग्ग्यावर घसीट (हात घासून काढलेला घुमणारा नाद) घेऊन भरणा केला. माझा वाळवंटाचा भाग हिरवा झाला आणि मी नववी समजून आठवीवरून उडी मारली. म्हणजे फक्त घुमाऱ्यावर विसंबून भागणार नाही, नवव्या मात्रेच्या 'धागे'ची ओळख पक्की हवी. नऊ आणि दहा, धागे तिरकिट ही जोडी एकत्र ऐकायची, हा पुढचा सराव.

पुढे जयपूर घराण्याच्या गाण्यातला तीनताल घ्यायचा असं ठरलं होतं. पण हे लिहिता लिहिता समोरच्या कागदावर झुमरा हा ताल मांडून बघितला. चौदा मात्रा, ३-४-३-४ असे भाग. आठ ते दहा, तिं ऽता तिरकिट, कोरडं. अकरावीच्या धिंला घुमारा परत. आणि तिथून सम किती लांब? चारच मात्रा! एकतालासारखंच. तेव्हा तीनताल थांबेल, आधी झुमरा. तो हल्ली मैफिलीत कमी ऐकू येतो, म्हणून गायक अमीर खाँसाहेबांच्या ध्वनिमुद्रणांपासून उद्या सकाळी ८.१२ च्या लोकलमध्ये सुरुवात करते. मुंबई-ठाण्यात कुणाच्या कानावर येत्या महिन्यात झुमऱ्याची शक्यता असलेली बैठक आली तर कळवा. उजवीकडची खुर्ची मी धरते.